घरी यायची घाई करू नको

चि. बापू,
अनेक आशीर्वाद.

आईची किडनी बसवून डिस्चार्ज मिळाला की सरळ घरी येतो, खोलीचं भाडं कशाला भरायचं, असं तू फोनवर म्हणालास. आई शेजारी होती म्हणून मी गप्प बसलो. तीन महिने तू दवाखान्याजवळच राहायचं आहेस. पैशांचं मी बघतो, नवतीची केळी कापणीवर आली आहे.

टिश्यूकल्चरचं रोप आपण लॅबमधून आणून थेट शेतात लावतो का? आधी शेडनेटमध्ये ठेवतो. तुझंही तसंच. शरीरानं नवी किडनी नाकारू नये म्हणून सुरुवातीला गोळ्यांचा डोस जास्त असतो, त्यामुळे प्रतिकारशक्ती अगदी कमी होते. शिवाय किडनीला त्रास सुरू झाला तरी माणसाला काही जाणवत नाही, आधी रक्तातलं क्रिएटिनिन वाढतं, ते तपासणीतच कळतं. म्हणून तर आठवड्यातून दोन-तीनदा तपासणीला रक्त द्यायचं. रात्री ताप चढला तर इथून मुंबई चारशे किलोमीटरच्या वर आहे रे.

खोली मी बघून ठेवली. पहिलीच्या भिंतीला ओल होती, पलंगामागे काळी बुरशी. दुसरीच्या खिडकीत कबुतरांची विष्ठा साचलेली. दोन्ही सोडल्या, कारण त्यातूनच फुप्फुसाला संसर्ग होतो. घेतली तिथे ऊन येतं, लिफ्ट आहे, वेस्टर्न संडास आहे आणि ओटा आपला स्वतंत्र.

वजनकाटा, बीपीचं मशीन, थर्मामीटर आणि लघवी मोजायचं भांडं घेतलंय. रोजचे आकडे वहीत लिही. टॅक्रोलिमस, म्हणजे किडनी नाकारू नये म्हणूनची गोळी, दर बारा तासांनी ठरल्या वेळीच घ्यायची. रक्तातली तिची लेव्हल तपासायची असेल त्या सकाळी आधी रक्त, मग गोळी. ताप शंभरावर गेला तर क्रोसिन खाऊन झोपू नको, लगेच दवाखान्यात फोन कर.

भरीत सूनबाई करेल, पण वरून कच्ची पात नाही. पाणी उकळलेलंच. त्या गोळीनं पोटॅशियमही वाढतं, म्हणून डॉक्टर हो म्हणेपर्यंत मी केळी पाठवणार नाही. पपनस तर नकोच.

आईची फार काळजी वाटते. किडनी दिल्यावर दीड महिना तिनं जड उचलायचं नाही, आणि ती ऐकणारी नाही. म्हणून मावशीला सोबत पाठवतोय. तू आईसमोर खर्चाचं काढू नको, ती लगेच परत निघायचं म्हणेल.

मंगळवारच्या रात्रीच्या गाडीनं भुसावळहून निघतो. जुने रिपोर्ट तारखेप्रमाणे लावून ठेव.

तुझे,
आप्पा