खुले पत्र: नदीमुखाची किंमत ठरवण्याआधी समुद्रातल्या माशाचा कान तपासा

मा. मत्स्यव्यवसाय मंत्री महोदय,
सप्रेम नमस्कार.

नदीमुखात भराव टाकायचा किंवा बांध घालायचा प्रस्ताव येतो तेव्हा त्याला मासळीचा एक अहवाल जोडलेला असतो. असे बरेच अहवाल मी वाचले आहेत. चार ठिकाणी जाळे टाकायचे, मिळेल ते मोजायचे आणि वजन करायचे, एवढ्यावर ते उभे असतात. जाळ्यात येतात बोटाएवढी पिल्ले. त्यांना बाजारभाव नाही, म्हणून ती जागा मासेमारीच्या दृष्टीने कमी महत्त्वाची ठरते. तीच पिल्ले पुढे मोठी होऊन खोल समुद्रात पकडली जातात, तेव्हा ती वाढली कुठे हे कोणी विचारत नाही. त्याचे उत्तर आज मिळू शकते. ते मिळवणे सक्तीचे करा, ही माझी मागणी आहे.

एवढ्याशा पिल्लाला टॅग बांधणे अवघड, आणि सोडलेल्यांपैकी मोजकीच पुन्हा हाती लागतात. स्थिर समस्थानिकांची, म्हणजे एकाच मूलद्रव्याच्या कमी-जास्त वजनाच्या अणूंची, खूण मात्र खाण्यापाण्यातून माशात आपसूक उतरते. (नाव ऐकून किरणोत्सर्गाची शंका येते, पण ही समस्थानिके किरणोत्सारी नाहीत आणि आपण ती पाण्यात मिसळतही नाही.) समुद्री गवतात कार्बन-13, म्हणजे जड कार्बन, तुलनेने जास्त असतो, खारफुटीच्या पानांत बराच कमी, आणि वनस्पती-प्लवक, म्हणजे पाण्यात तरंगणाऱ्या सूक्ष्म वनस्पती, साधारण या दोहोंच्या मध्ये. समुद्राच्या पाण्यातल्या सल्फेटमध्ये गंधक-34, म्हणजे जड गंधक, तुलनेने भरपूर असते, तर चिखलातल्या जिवाणूंनी तयार केलेल्या सल्फाइडमध्ये फारच कमी. जे खाल्ले त्याची खूण मांसात उतरते. ब्रायन फ्राय या संशोधकांनी 1981 साली टेक्सासच्या किनाऱ्यावर कोळंबीचे स्थलांतर याच कार्बनच्या खुणेवरून शोधले होते. पद्धत नवी नाही. ती आपल्या परवानगीच्या कागदांपर्यंत पोहोचलेली नाही, इतकेच.

मांसातली खूण टिकत नाही. वाढत्या पिल्लात ती काही आठवड्यांत बदलते, मोठ्या माशात काही महिन्यांत. म्हणून मला सर्वांत मोलाचा वाटतो तो माशाच्या कानातला खडा, ऑटोलिथ. कॅल्शिअम कार्बोनेटचे थर एकावर एक चढत तो वाढतो, कोवळ्या वयात बहुतेक जातींमध्ये रोज एक, आणि बसलेला थर सहसा पुन्हा विरघळत नाही. खडा घासून मधला भाग लेझरने तपासला की त्या माशाचे बालपण वाचता येते. पाण्यातले स्ट्रॉन्शिअम हे मूलद्रव्य या थरांत बसते. समुद्रात स्ट्रॉन्शिअम-87 आणि 86 या त्याच्या समस्थानिकांचे गुणोत्तर सगळीकडे जवळजवळ 0.7092 असते, नदीत ते खालच्या खडकाप्रमाणे बदलते. अलास्कातल्या नुशगाक नदीच्या खोऱ्यात संशोधकांनी सॅमनच्या ऑटोलिथवरून तो मासा खोऱ्याच्या कोणत्या भागात वाढला हे ओळखले. 2019 साली प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात दिसले की जास्त मासे देणारा भाग वर्षागणिक बदलतो. एका वर्षी रिकामी वाटलेली जागा पुढच्या वर्षी भरभरून देऊ शकते. महोदय, एका हंगामाच्या पाहणीवर परवानग्या देताना ही गोष्ट कृपया समोर ठेवा.

या पद्धतीच्या मर्यादाही सांगते. समुद्राच्या पाण्यात स्ट्रॉन्शिअम नदीपेक्षा कितीतरी जास्त असते. त्यामुळे दहा भागांत एक भाग समुद्राचे पाणी मिसळले तरी ती खूण बहुतांशी समुद्राचीच होते. मचूळ पाण्यात एकट्या स्ट्रॉन्शिअमवर विसंबून चालत नाही. कार्बन, गंधक आणि ऑटोलिथमधले बेरिअमचे प्रमाण जोडून पाहावे लागते. शिवाय पाणी, चिखल, गवत आणि प्लवक यांचा हंगामवार नकाशा आधी हवा. तो नसेल तर माशातले आकडे कशाशी ताडणार?

म्हणून तो नकाशा प्रत्येक मोठ्या नदीमुखासाठी सरकारने करून घ्यावा. बंदरावर उतरणाऱ्या मुख्य जातींचे ऑटोलिथ दरवर्षी गोळा करून तारीख आणि जागेच्या नोंदीसह जपावेत. कोरडे ठेवले तर ते दशकानुदशके टिकतात. आणि भराव, बांध किंवा झडपा यांच्या प्रत्येक प्रस्तावात समुद्रात पकडलेल्या मोठ्या माशांपैकी किती त्या नदीमुखात वाढले, याचे किमान तीन वर्षांचे उत्तर मागावे. ते येईपर्यंत परवानगी थांबवावी. भराव एकदा पडला की तपासायला पिल्लेच उरत नाहीत.

आपली नम्र,
नदीमुखातल्या मासळीची एक अभ्यासक