अकरा नंबर

पावस, रविवार सकाळ

प्रिय बाळ्या,

आत्ताच आपल्या घरावरून रॅलीच्या गाड्या पूर्णगडच्या पुलाकडे गेल्या. मिनिटाला एक. दहावी गेली, मग दोन मिनिटं काहीच नाही, मग बारावी. मधली ती जागा आपली होती. जिप्सी खळ्यात उभी आहे, बॉनेटवर ११ नंबरचा स्टिकर तसाच. घरात हे कुणाला सांगून समजणार नाही, म्हणून सात महिन्यांनी तुला लिहायला बसलोय. मधे तुझे दोन फोन उचलले नाहीत. त्याच्या शिव्या आधी घालून घे, मग पुढे वाच.

आई बरी आहे, शुगर आटोक्यात. माझा खांदा ठीक. काकूंकडे सोमवारी जाऊन आलो. गुडघा कुरकुरतोय, तरी विहिरीवर जातातच, माझं काय ऐकणार!

तर गुरुवारी काम होतं एवढंसं. मागच्या डाव्या पाट्याच्या स्प्रिंगचे बुश बदलायचे, की झालं. पण पुढच्या हँगरचा बोल्ट बुशच्या नळीत गंजून एकजीव झालेला. आपली खारी हवा, तुला काय सांगू. गॅसने तापव, ठोक, डिझेल सोड, परत तापव. सुटला तेव्हा रात्रीचे साडेनऊ. मग हँगरच्या मुळाशी तारेचा ब्रश मारला, तर चॅसीवर केसासारखी रेघ. म्हटलं ओरखडा असेल. पण मन मानेना, म्हणून तुझीच युक्ती केली. डिझेल लावलं, थोडा वेळ थांबलो, फडक्याने कोरडंठाक पुसलं आणि वर खडूची पूड चोळली. बॅटरी धरून बसलो. हळूहळू पांढऱ्या पुडीवर काळी ओली रेघ चढत गेली, बोटाच्या दोन पेरांएवढी. चीर होती, आत शिरलेलं डिझेल बाहेर येत होतं.

पाट्याचा तोच एक डोळा चॅसीला पक्का धरलेला असतो, दुसरं टोक शॅकलच्या हलत्या कडीवर झुलतं. ॲक्सलचा सगळा जोर त्या हँगरवर. तो सुटला की ॲक्सल तिरका होतो आणि स्टेअरिंग न फिरवता गाडी वळते. आणि त्या बाजूच्या सीटवर, वेळ-वेगाचा हिशेब सांगायला, या वेळी ताईचा मुलगा बसणार होता. एकोणीस वर्षांचा आहे रे. ताई फोनवर एवढंच म्हणाली, ‘जप हां.’

शुक्रवारी चाचांना आणलं. तेच ते, ट्रॉलरची कामं करणारे. त्यांनी चीर बघितली, जवळचा वेल्डिंगच्या ७०१८ रॉडचा उघडा पुडा हातात घेतला आणि परत ठेवला. म्हणाले, ‘दमट झालेत. भाजल्याशिवाय हात लावणार नाही.’ या रॉडने ओल धरली की वेल्डिंग वरून छान दिसतं आणि नंतर आतून तडकतं. पण तीनशे डिग्रीची भट्टी आणायची कुठून? चाचांनी रॉड नेले ते थेट पावाच्या भट्टीवर! भट्टीवाल्याने विचारलं, ‘चाचा, यांचे टोस्ट करायचे का नानकटाई?’ चाचा हसले नाहीत. दोन तास भट्टीपाशी बसून राहिले आणि रॉड गरम गरमच फडक्यात गुंडाळून आणले.

तोवर मी पेट्रोलची टाकी उतरवून पार माडाखाली नेऊन ठेवली, बॅटरीच्या वायरी सोडल्या. चाचांनी चिरेच्या दोन्ही टोकांना भोकं पाडली, म्हणजे ती पुढे पळत नाही. ग्राइंडरने खाच केली, रॉड होल्डरला लावला आणि लाईट गेली. दहा वाजता गेली ती दीडला आली.

त्या साडेतीन तासांत मला ती सकाळ आठवत राहिली. तुलाही आठवतच असेल. स्टार्टला दोन गाड्या पुढे होत्या आणि तू पट्टा सोडून उतरलास, कारण यू-बोल्टचा एक नट आटे सोडत होता. मी म्हटलं होतं, ‘टीएसडी आहे बाळ्या, शर्यत नाही, वेळ-वेगाचं गणित! ताशी ३६ ला कोण मरतं?’ तू उतरलासच. मग सगळ्यांसमोर मी तुला भित्रा म्हटलं आणि पुढे अकरा महिने आपण बोललो नाही. यू-बोल्ट टिकला असता असं मला अजूनही वाटतं, ते मी सोडणार नाही. पण तो शब्द मी बोलायला नको होता. तो कधी परत घेतला नाही, आज घेतो.

पहाटे तीनला वेल्डिंग झालं. वरून चौकटच्या पानासारखी कापलेली पट्टी बसवली. चाचांच्या हाताला तोड नाही. शनिवारी रत्नागिरीत तपासणी झाली. लाइट, टायर, पट्टे, कागदपत्रं बघितली आणि स्टिकर लावला. खाली कुणी वाकलं नाही.

संध्याकाळी डाव्या सीटवर खताची ५० किलोची गोणी पट्ट्याने बांधली आणि एकटाच सड्यावर गेलो. कातळावरून चाळीस किलोमीटर आपटली गाडी. घरी येऊन परत डिझेल, परत खडू. डावी बाजू स्वच्छ, खडू पांढराच्या पांढरा. मला इतका आनंद झाला की उगाच उजवीकडेही खडू फासला. तिथे नखाएवढी काळी रेघ आली.

रात्रीचे साडेआठ. चाचा शुक्रवारचं जागरण करून झोपलेले, भट्टी पावांनी भरलेली. आणि बाळ्या, मी पुन्हा तेच वाक्य मनात म्हटलं, ताशी ३६ ला कोण मरतं. जेवताना भाचा आकडेमोड पाठ करत होता, ‘३६ म्हणजे सेकंदाला १० मीटर.’ तूच त्याला फोनवर शिकवलंस ना हे? ‘अरे’ म्हणेपर्यंत १० मीटर. सड्याच्या कडेला १० मीटर असतात कुठे? मी ताट तसंच ठेवून उठलो आणि आयोजकांना फोन केला.

भाचा एक शब्द बोलला नाही. पॅड आणि घड्याळ कपाटात ठेवलं आणि भिंतीकडे तोंड करून झोपला. दोन महिने त्याने रोज सराव केला होता. त्याचं ते गप्प राहणं मला फार लागलंय. तू एकदा बोल त्याच्याशी. माझ्यापेक्षा तुझं ऐकेल.

तुझ्या लेकीची दहावी ना या वर्षी? नव्या साहेबाचं जमतंय का? वहिनींना कोकम पाठवलंय, पोचलं की कळव.

उद्या चाचा येताहेत. उजवी बाजू उघडली की फोटो पाठवतो. तिथे नुसती पट्टी मारून भागेल की तेवढी चॅसीच कापून नवी घालावी, हे तू सांग. मेमध्ये येणार आहेस का, तेही.

खळ्यात खरवडल्याचा आवाज येतोय. भाचा तारेचा ब्रश घेऊन गाडीखाली शिरलाय. जातो, घोड्या नीट लावल्यात का बघतो.

तुझा,
भाऊ