कात्री कोणाच्या हातासाठी?

प्रिय आई, बाबा,

साष्टांग नमस्कार.

बाबा, परवा फोनवर तुम्ही विचारलंत, "गोष्टी लिहून पीएचडी कशी काय मिळते?" प्रश्न रास्त आहे, पण घाईघाईत उत्तर द्यायचं नव्हतं, म्हणून हे पत्र.

रोजच्या वस्तूंचं डिझाइन हा माझा विषय. पेन, कात्री, खुर्ची यांच्याबद्दल कागदपत्रं भरपूर असतात: पेटंटचे आराखडे, जुने कॅटलॉग, संग्रहालयांच्या नोंदी. फर्निचर बनवणाऱ्या टोनेट यांची १८५९ची वाकवलेल्या लाकडाची खुर्ची घ्या. तिचे सुटे भाग सहा, स्क्रू दहा, नट दोन, आणि एक घनमीटरच्या खोक्यात अशा छत्तीस खुर्च्या सुट्या करून मावायच्या, इतकं सगळं नोंदलेलं आहे. पण त्या खुर्चीवर दिवसभर बसून कुणाच्या पाठीला रग लागली, हे कुठेच नाही. ते शोधायला मी कथा आणि स्वगतं लिहिते. प्रबंधाचा एक भाग हे ललित लेखन, दुसरा भाग त्यातून काय हाती लागलं याची चिकित्सा. तोंडी परीक्षेत दोन्हींची झडती होणार.

मनाला येईल ते लिहायची मुभा मात्र नाही. आधी वस्तू हातात घ्यायची, उघडायची, मोजायची. सध्या टेबलावर बिक कंपनीचं साधं पारदर्शक बॉलपेन आहे, १९५० साली फ्रान्समध्ये आलेलं. पेन्सिलीसारखं षटकोनी, म्हणून उतारावरून गडगडत नाही. नळीच्या अंगाला बारीकसं भोक आहे. त्यातून आतल्या-बाहेरच्या हवेचा दाब सारखा राहतो. टोपणाच्या टोकालाही भोक आहे, ते वेगळ्याच कारणासाठी: एखाद्या मुलाने टोपण गिळलं आणि ते घशात अडकलं, तर थोडी तरी हवा आत जावी. हे वाचल्यावर मी बराच वेळ ते टोपण हातात धरून बसले होते. कुणीतरी न पाहिलेल्या मुलाच्या श्वासाची काळजी प्लॅस्टिकमध्ये कोरून ठेवलेली! त्यावर मी टोपणाचं स्वगत लिहिलं. आपलं काम कधीच पडू नये, एवढंच ते मागतं. मला वाटतं, माझ्या आतापर्यंतच्या लेखनात तेच सगळ्यात खरं उतरलंय.

आई, आता तुझ्या कामाचं. कात्रीवर लिहायला घेतलं तेव्हा पहिला मजकूर अगदी सपाट झाला: दोन पाती, एक स्क्रू, दोन कड्या. मग तू आठवलीस. डावखुरी तू, आणि कापड कापताना मान वाकडी करून पात्याच्या पलीकडे डोकावणारी. मी ते सगळं एका डावखुऱ्या शिंपिणीच्या तोंडून लिहिलं आणि लिहिता लिहिता अडले: ही डोकावते कशाला? कात्री घेऊन बसले तेव्हा कारण कळलं. उजव्या हातात नेहमीची कात्री मिटताना अंगठा आणि बोटं नकळत पाती एकमेकांवर दाबतात. डाव्या हातात तोच जोर पाती एकमेकांपासून दूर ढकलतो, मग कापड कापलं न जाता मध्येच दुमडतं. शिवाय वरचं पातं खुणेच्या रेघेवरच आडवं येतं. कात्री उलटी धरली तरी फरक पडत नाही, कारण पात्यांची मांडणी तीच राहते. म्हणजे कमतरता तुझ्या हातात कधीच नव्हती. कात्री बनवतानाच कुणाचा हात गृहीत धरायचा ते ठरलं होतं. ही यंत्ररचना माहीतगारांना ठाऊक आहेच, पण तिच्यामुळे माणसाची मान, नजर, सवय कशी घडते ते मला त्या शिंपिणीने दाखवलं. बाबा, तुमच्या प्रश्नाचं माझं उत्तर हेच.

माझे मार्गदर्शक म्हणतात, या प्रकरणात खऱ्या अनुभवाची जोड हवी. तर आई, सवडीने लिहून पाठवशील? कापताना अंगठा कुठे दुखतो, जाड कापडाला काय करतेस, कुणी कधी हात बदलायला लावला होता का. शुद्धलेखनाकडे बघू नकोस, बोलतेस तसंच लिही. विद्यापीठाच्या नियमाप्रमाणे तुझी लेखी संमती लागेल. तो फॉर्म बाबांच्या ईमेलवर पाठवते. नाव द्यायचं की नाही, हे तूच ठरव.

तुमची,
मनू