त्र्याहत्तर नंबरचा भिडू

क्लीव्हलँड, ओहायो

प्रिय अन्या,

तुझा टोमणा पोचला. "हंगामातले सोळाच्या सोळा सामने हरणाऱ्या संघाचा चाहता व्हायला तुला कुणी सांगितलं होतं?" कुणी नाही रे. नोकरीने शहर दिलं आणि शहराने आपला अमेरिकन फुटबॉलचा संघ, ब्राउन्स, गळ्यात बांधला. पण अशा संघात बघण्यासारखं होतं तरी काय, हे तू खरंच विचारलं असशील तर एका माणसाबद्दल सांगतो. नाव जो (Joe) थॉमस, 73 नंबरची जर्सी.

या खेळातला तुला क्वार्टरबॅक तेवढा ठाऊक, बॉल फेकणारा देखणा गडी. त्याच्यापुढे पाच धिप्पाड माणसं ओळीने वाकून उभी असतात, ती ऑफेन्सिव्ह लाइन. त्यांनी बॉल फेकायचा नाही. पंचांना आधी सांगितल्याशिवाय पास झेलायचीही त्यांना मुभा नाही. समोरचे अंगावर आले की त्यांना दोन-तीन सेकंद अडवायचं, संपलं काम. त्यातला सगळ्यात डावीकडचा तो लेफ्ट टॅकल. उजव्या हाताने फेकणाऱ्या क्वार्टरबॅकला डाव्या बाजूने मागून येणारा दिसत नाही, म्हणून प्रतिस्पर्धी आपला सगळ्यात चपळ माणूस बहुतेकदा तिथूनच सोडतो. थॉमस तिथे उभा असायचा.

तू तालमीत वाढलेला, खडाखडी तुला शिकवायला नको. हात कुठे लावायचा, भार कुठल्या पायावर ठेवायचा, सगळं तेच. फक्त इथे मागे सरकत सरकत खडाखडी करायची, आणि चुकून जर्सी मुठीत धरलीस की दहा यार्डांचा दंड. थॉमस साडेसहा फुटांचा, 141 किलोंचा, पण पाय हलके. विस्कॉन्सिन विद्यापीठात तो गोळाफेकही करायचा. एरवी शांतपणे मागे सरकणारा हा गडी अधूनमधून अचानक पुढे उडी घेऊन समोरच्यालाच आधी गाठायचा. मागच्या वेळी काय केलं होतं ते आठवून आलेला बिचारा तिथेच फसायचा.

कॉलेजात असताना संघाला बचावात माणसं कमी पडली म्हणून 2006 च्या जानेवारीत हा दुसऱ्याच जागेवर खेळायला उतरला आणि गुडघ्याचा लिगामेंट तोडून बसला. नको तिथे पुढे होणारा स्वभाव! पुढच्याच हंगामात परत येऊन देशातल्या सर्वोत्तम लाइनमनची आउटलँड ट्रॉफी घेतली. 2007 च्या ड्राफ्टला, म्हणजे व्यावसायिक संघ आळीपाळीने कॉलेजातले खेळाडू निवडतात तेव्हा, बाकीची पोरं नवे सूट शिवून न्यूयॉर्कला गेली, तर हा वडिलांबरोबर लेक मिशिगनमध्ये मासे धरत होता. निवड तिसऱ्या क्रमांकावर झाली. पहिल्या क्रमांकावर घेतलेला क्वार्टरबॅक जामार्कस रसेल तीन हंगामांत लीगबाहेर गेला.

थॉमस मात्र टिकला. 9 सप्टेंबर 2007 पासून ब्राउन्सचं आक्रमण जितक्या वेळा मैदानात उतरलं, तितक्या वेळा हा तिथे होता. बॉल मागे दिला की एक स्नॅप. असे सलग 10,363 स्नॅप. या मोजण्या ठेवायला लागल्यापासून इतके सलग कुणाचेच नाहीत. तेवढ्या काळात संघाला सहा मुख्य प्रशिक्षक झाले. त्याने पाठ राखलेले क्वार्टरबॅक किती, तर वीस! त्या अकरा हंगामांत संघाने 176 पैकी 48 सामने जिंकले. सर्वोत्तम खेळाडूंच्या प्रो बोलसाठी त्याची ओळीने दहा वर्षं निवड झाली, पण प्लेऑफचा, म्हणजे हंगामानंतरच्या बाद फेरीचा, एक सामना त्याच्या वाट्याला आला नाही. पहिल्याच वर्षी संघाने दहा सामने जिंकले, सहा हरले, तरी बाहेरच राहिला.

इथले लोक त्याला "बिचारा" म्हणतात, त्याचा मला राग येतो. 2011 मध्ये त्याने 8 कोटी 40 लाख डॉलरचा सात वर्षांचा करार केला होता. उपाशी नव्हता तो. 2015 मध्ये त्याला डेन्व्हरच्या संघाला देण्याची बोलणी शेवटच्या घटकेला फिसकटली आणि डेन्व्हरने त्याच हंगामात सुपर बोल, म्हणजे लीगचा अंतिम सामना, जिंकला. हे कुणालाही कडवट करून टाकायला पुरेसं होतं. पण त्याच्या मुलाखती ऐक, माणूस विनोद करतो, तेही बहुतेक स्वतःवर.

22 ऑक्टोबर 2017 ला टेनेसीविरुद्ध डाव्या दंडाचा ट्रायसेप्स फाटला. तो हात धरून बाहेर आला आणि डाव्या टोकाला भलताच माणूस उभा राहिला. सामना जादा वेळेत 12-9 असा हरलो, पण तो स्कोअर मला नंतर शोधावा लागला. पुढच्या मार्चमध्ये त्याने निवृत्ती घेतली.

यानंतरचं मला जास्त भावतं. ते वजन टिकवण्यासाठी तो पोट तडतडेपर्यंत जेवायचा, आणि हेही नोकरीचंच काम होतं. निवृत्तीनंतर काही महिन्यांत वीसेक किलो उतरवले. फोटो बघशील तर ओळखणार नाहीस. विसरायला होतं, फ्रीजपाशी जातो आणि कशाला आलो ते आठवत नाही, हेही त्याने खेळत असतानाच उघड सांगितलं होतं. डोक्याला बसणाऱ्या धक्क्यांचा हिशेब मांडणारी माणसं या खेळात थोडी. हे वाचल्यापासून जवळून दाखवलेली टक्कर मला पूर्वीसारखी मजेत बघवत नाही, आणि तरी रविवारी टीव्ही लावतोच.

2018 च्या सप्टेंबरमध्ये स्टेडियमवर त्याच्या नावाबरोबर 10,363 हा आकडा लावला. त्याच रात्री ब्राउन्सनी जेट्सना 21-17 हरवलं, 2016 च्या नाताळनंतरचा पहिला विजय! 2023 मध्ये, पात्र ठरल्याच्या पहिल्याच वर्षी, थॉमस या खेळातल्या थोरांच्या हॉल ऑफ फेममध्ये गेला. ते कॅन्टनला आहे, इथून गाडीने तासाभरावर. उन्हाळ्यात येतोयस ना? मग एक दिवस तिथला ठेवू. सामना दाखवायला बसवलं तर मात्र बॉल बघायचा नाही, फक्त डावं टोक बघायचं, एवढी अट.

वहिनींना नमस्कार सांग. कोल्हापुरी मसाला आठवणीने आण, गेल्या वेळचा संपला.

तुझा,
श्रीधर