रॉझवेलला जातोयस तर

चि. निखिल,
अनेक आशीर्वाद.

लास क्रूसेसहून मित्रांबरोबर न्यू मेक्सिकोतल्याच रॉझवेलला जाणार म्हणालास, एलियनचं म्युझियम बघायला. जरूर जा, पण त्या गावात त्याहून भारी गोष्ट घडलीय आणि ती शंभर टक्के खरी आहे, म्हणून लिहायला बसलो.

१९४९ ते १९५६ या गावाची स्वतःची बेसबॉल टीम होती, रॉझवेल रॉकेट्स. रॉकेटशास्त्रज्ञ रॉबर्ट गोडार्डने १९३० च्या दशकात रॉकेटच्या चाचण्या याच गावाबाहेर केल्या होत्या, त्यामुळे नाव अगदी शोभून दिसायचं. गावाची वस्ती तेव्हा २५ हजारांच्या आसपास. लीग होती लाँगहॉर्न, क्लास सी, म्हणजे मेजर लीग या सर्वात वरच्या स्पर्धेच्या खूप खालची पायरी (खालच्या सगळ्या त्या मायनर लीग), आणि समोरच्या टीम कोण तर आर्टेशिया, कार्ल्सबॅड, बिग स्प्रिंग, मिडलँड, ओडेसा, बहुतेक तेलाची नाहीतर गुराढोरांची गावं.

या टीमकडे १९५४ मध्ये जो बाउमन नावाचा फर्स्ट बेसमन (पहिल्या बेसपाशी फिल्डिंग करणारा) आला. सव्वासहा फुटांच्या वर उंच, डावखुरा, वय ३२, आणि मेजर लीगची एकही मॅच खेळलेला नाही, पुढेही कधी खेळला नाही. गावात त्याचा टेक्साकोचा पेट्रोल पंप होता. आणि या पंपवाल्याने त्या एका सीझनमध्ये १३८ मॅचमध्ये ७२ होम रन मारले, होम रन म्हणजे क्रिकेटच्या सिक्सरसारखा फटका!! ॲव्हरेज .४००, म्हणजे दहा वेळा बॅटिंग केली की चार हिट, आरबीआय, म्हणजे त्याच्या बॅटिंगवर टीमला मिळालेल्या रन, २२४, आणि पिचर (बॉल टाकणारे) इतके घाबरायचे की १५० वेळा त्याला वॉक देऊन, म्हणजे बाहेरचे चार बॉल टाकून, फुकटात पहिल्या बेसवर सोडलं. गाव समुद्रसपाटीपासून साडेतीन हजार फुटांवर, हवा विरळ, बॉल लांब जातो हे खरं, पण मग बाकीच्यांनी का नाही मारले सांग.

मला सगळ्यात आवडतं ते प्रेक्षकांचं. होम रन मारून तो परत यायचा तेव्हा लोक स्टँडपुढच्या जाळीतून डॉलरच्या नोटा आत सरकवायचे, आणि हा जाळीच्या कडेने चालत जाऊन एकेक घ्यायचा. शिवाय एक मीटवाला प्रत्येक होम रनला एक हॅम द्यायचा. पगार किरकोळ होता पण गावाने त्याला असं डोक्यावर घेतलं होतं.

मायनर लीगचा रेकॉर्ड होता ६९, जो हाउझरचा १९३३ चा आणि बॉब क्रूझचा १९४८ चा. शेवटच्या दिवशी, ५ सप्टेंबरला, बाउमन ६९ वर होता आणि आर्टेशियात एकाच दिवशी दोन मॅच होत्या. जास्त वेळा बॅटिंग मिळावी म्हणून त्याला पहिल्या नंबरवर पाठवलं. पहिल्या मॅचमध्ये ७० वा मारला, दुसरीत आणखी दोन. आधीची दोन वर्षं तो आर्टेशियाकडूनच खेळला होता, म्हणजे रेकॉर्ड झाला तोही जुन्याच गावकऱ्यांसमोर. तो आकडा पुढे ४७ वर्षं कुणाही प्रोफेशनल खेळाडूला ओलांडता आला नाही, २००१ मध्ये मेजर लीगमध्ये बॅरी बाँड्सने ७३ मारले तेव्हा कुठे.

आणि टीम? त्या रेकॉर्डनंतर दोन वर्षांत संपली. १९४९ ला अमेरिकेत ५९ मायनर लीग होत्या, वर्षाला जवळपास ४ कोटी लोक मॅच बघायला जायचे, मग घरात टीव्ही आला, एसी आला, मोठ्या शहरांच्या मॅच घरबसल्या मिळायला लागल्या, उकाड्यात लाकडी बाकावर कोण बसणार. लाँगहॉर्न लीग १९५५ ला बंद, रॉकेट्स १९५६ चा एक सीझन दुसऱ्या लीगमध्ये खेळून संपली, आणि बाउमननेही १९५६ लाच खेळणं सोडलं. पण गाव नाही सोडलं, २००५ मध्ये तिथेच वारला.

तुमचा नाटकाचा ग्रुप बंद पडला तेव्हा तू म्हणालास सगळं फुकट गेलं. मला ते पटलं नव्हतं, तेव्हा नीट सांगता आलं नाही. रॉकेट्स आठ सीझन चालली म्हणून ती फसलेली टीम असं मी कधीच म्हणणार नाही, तुमच्या ग्रुपलाही म्हणणार नाही, तुझा तो दुसरा प्रयोग मी पाहिलाय.

आता मायनर लीगमध्ये सगळ्यात जास्त होम रन मारणाऱ्याला दरवर्षी बाउमनच्या नावाचं बक्षीस देतात, एका होम रनला २०० डॉलर. रॉझवेलचं बेसबॉल ग्राउंडही त्याच्याच नावाचं आहे आणि उन्हाळ्यात तिथे इन्व्हेडर्स नावाची टीम खेळते, मॅच असली तर तिकीट काढून बघाच. येताना आर्टेशिया, क्लाउडक्रॉफ्टवरून या, डोंगरातला रस्ता आहे म्हणून दिवसाउजेडी निघा आणि आर्टेशियातच पेट्रोल भरून घ्या.

तुझे
बाबा