भाऊबीजेनंतर मिळालेलं चिन्ह : मुख्य निवडणूक आयुक्तांना एका छापखानेवाल्याचं खुलं पत्र

माननीय मुख्य निवडणूक आयुक्त,
भारत निवडणूक आयोग, नवी दिल्ली.

महोदय,

सादर नमस्कार.

मराठवाड्यातल्या एका तालुक्याच्या गावी माझा छापखाना आहे. एक जुनं सिंगल कलर ऑफसेट, एक कटिंग मशीन, डीटीपीचा संगणक आणि चार कामगार. लग्नपत्रिका, बिलबुकं, शाळांच्या प्रश्नपत्रिका ही रोजची कामं, आणि निवडणूक आली की पत्रकं. नोव्हेंबर 2024 च्या विधानसभा निवडणुकीत मी अपक्ष म्हणून उभा होतो. पडलो, अनामतही गेली. त्याबद्दल माझी तक्रार नाही. लोकांनी त्यांना योग्य वाटला तो माणूस निवडला. आमच्याकडच्या निवडणूक कार्यालयातली माणसंही माझ्याशी नीट वागली, कोणता कागद कुठे लावायचा ते त्यांनी समजावून सांगितलं. मला लिहायचं आहे ते चिन्ह मिळाल्यापासून प्रचार संपेपर्यंतच्या चौदा दिवसांबद्दल.

त्या निवडणुकीच्या तारखा आपल्याला माहीत आहेतच. 15 ऑक्टोबरला घोषणा झाली. 22 ते 29 ऑक्टोबर अर्ज, 30 ला छाननी, 4 नोव्हेंबरला दुपारी तीनपर्यंत माघार आणि 20 ला मतदान. आता त्याच्या शेजारी कालनिर्णयचं पान धरून बघा. 28 ला वसुबारस, 29 ला धनत्रयोदशी, 31 ला नरकचतुर्दशी, 1 नोव्हेंबरला लक्ष्मीपूजन, 2 ला पाडवा, 3 ला भाऊबीज. अपक्षाला चिन्ह मिळतं ते माघारीची मुदत संपल्यावरच. म्हणजे भाऊबीज झाल्यावर दुसऱ्या दिवशी संध्याकाळी माझ्या हातात चिन्ह पडलं.

आमच्याकडे दिवाळी हा वर्षातला एकच काळ असा असतो की गाव भरलेलं असतं. पुण्या-मुंबईच्या कंपन्यांत कामाला गेलेली पोरं घरी येतात, लेकी माहेरी येतात, ऊसतोडीच्या टोळ्या अजून निघालेल्या नसतात. एरवी ज्या घरांना कुलूप असतं त्या घरांपुढे रांगोळी असते. माझ्यासारख्या गाड्या-माणसं नसलेल्या उमेदवाराने लोकांना भेटायचं तर ते त्याच दिवसांत. मी भेटलोही. सकाळी सहाला मोटारसायकल काढायची, चार-पाच गावं करायची, दुपारनंतर छापखान्यात. लोक बसवून घ्यायचे, फराळ द्यायचे, माझं म्हणणं ऐकायचे. आणि उठताना एकच प्रश्न, "निशाणी कंची?"

एका वस्तीवर एक मावशी होत्या. अर्धा तास त्यांनी वीजबिलावर, रस्त्यावर, सोयाबीनच्या भावावर माझ्याशी बोलणं केलं. मत देईन म्हणाल्या. मग त्यांनी निशाणी विचारली. मी म्हणालो, "मावशी, अजून मिळाली नाही. चार तारखेला मिळेल." त्या म्हणाल्या, "मग मिळाली की ये बाबा, मला वाचता येत नाही." मी 9 नोव्हेंबरला पुन्हा गेलो तेव्हा दाराला कुलूप होतं. घर ऊसतोडीला गेलं होतं.

महोदय, मतदान यंत्रावर आता उमेदवाराचा फोटो असतो, हे मला ठाऊक आहे. पण यंत्रावर नावं लावण्याचा क्रम कायद्यानेच ठरलेला आहे: आधी मान्यताप्राप्त पक्षांचे उमेदवार, मग नुसती नोंदणी असलेल्या, मान्यता नसलेल्या पक्षांचे, आणि शेवटी अपक्ष. खालच्या ओळींत अंगठ्याएवढ्या फोटोवरून माणूस ओळखायचा तर तो आधीपासून प्रसिद्ध असावा लागतो. आमच्याकडे मत आजही निशाणीला पडतं. 2024 च्या लोकसभेला 'तुतारी वाजवणारा माणूस' आणि अपक्षांकडचं 'तुतारी' या दोन चिन्हांवरून महाराष्ट्रात केवढा वाद झाला, तो आपल्या आयोगापर्यंत आलाच होता. चिन्हाने काही फरक पडत नसता तर तो वाद झालाच नसता.

माझ्या धंद्यामुळे मला ही गोष्ट फार जवळून बघायला मिळाली. 15 ऑक्टोबरपासून मी अर्ज भरेपर्यंत माझ्याच मशीनवर इतरांची पत्रकं छापली जात होती. ती सोडता येत नव्हती. चार जणांचा पगार आणि दिवाळीचा बोनस त्यातूनच निघणार होता. त्या सगळ्या पत्रकांवर चिन्ह होतं, कारण मान्यताप्राप्त पक्षाचं चिन्ह आयोगाच्या 1968 च्या चिन्ह आदेशाने राखीवच असतं. माझ्या पत्रकाचं डिझाइन दसऱ्यालाच तयार होतं. नाव, फोटो, सहा मुद्दे, आणि उजव्या कोपऱ्यात एक रिकामा चौकोन. प्लेट काढायची तर त्या चौकोनात काय घालू? तीन आठवडे ती फाइल संगणकात तशीच पडून होती.

4 तारखेला चिन्हांचं वाटप झालं. मी तीन पसंती दिल्या होत्या. पहिलं चिन्ह एका नोंदणीकृत पक्षाच्या उमेदवारानेही मागितलं होतं, नियमाने ते त्यांना गेलं. दुसऱ्यासाठी दोन अपक्षांत चिठ्ठी निघाली, ती माझी नव्हती. तिसरं मिळालं, शिलाई मशीन. रात्री आठला प्लेट काढली, पहाटेपर्यंत मशीन चालवली. प्रकाशक मीच, मुद्रक मीच; लोकप्रतिनिधित्व कायद्याच्या कलम 127अ प्रमाणे मुद्रक-प्रकाशकाचं नाव आणि पत्ता टाकला, प्रतींची संख्याही छापली, दोन साक्षीदारांच्या सह्या घेतल्या. शाई वाळायच्या आत गठ्ठे बांधून 5 तारखेला सकाळी बाहेर पडलो. 18 ला संध्याकाळी सहाला प्रचार संपला.

आता हिशोब करून बघा. राज्यात 288 मतदारसंघ आणि सुमारे 9 कोटी 70 लाख मतदार. एका मतदारसंघात सरासरी 3 लाख 36 हजारांहून थोडे जास्त. चौदा दिवसांचे तास होतात 336. उमेदवार अजिबात झोपला नाही, जेवला नाही, तरी त्याला दर तासाला एक हजार मतदारांपर्यंत आपलं चिन्ह न्यायचं आहे. ज्याच्याकडे पन्नास गाड्या आणि गावोगाव पोलिंग एजंट आहेत, त्याला हे जमतं. पैसा असला की वेळ विकत घेता येतो. ज्याच्याकडे पैसा नाही त्याच्याजवळ फक्त दिवस असतात, आणि नेमके तेच आपण मोजून चौदा दिलेत.

हे नेहमी असं नव्हतं. लोकप्रतिनिधित्व कायद्याच्या कलम 30 मध्ये माघारीची शेवटची तारीख आणि मतदान यांत पूर्वी किमान वीस दिवस ठेवावे लागत. 1996 च्या दुरुस्तीने ते चौदा झाले. त्यामागचं कारण मला मान्य आहे. त्याच वर्षी तमिळनाडूत मोडकुरिची या एका विधानसभा मतदारसंघात 1,033 उमेदवार उभे राहिले होते, तेव्हाच्या आंध्रातल्या नलगोंडा लोकसभेला 480. कोणतीही यंत्रणा अशाने मोडून पडेल. म्हणून अनामत वाढवली, अपक्षाला एकाऐवजी दहा सूचक, म्हणजे अर्जावर सही करून नाव सुचवणारे मतदार, लावले. हे दोन्ही उपाय बरोबर आहेत असं मी मनापासून म्हणतो. दहा सूचक मिळवताना मला माझ्या बायंडरपासून चहावाल्यापर्यंत प्रत्येकाला समजवावं लागलं आणि त्यातच मी खरंच उभं राहावं का याचा विचार पक्का झाला. आजची 10 हजारांची अनामतही जास्त नाही. पण हौशी उमेदवार अनामतीने आणि सूचकांनी अडतो. दिवस कमी केल्याने तो अडत नाही, कारण त्याला प्रचार करायचाच नसतो. दिवस कमी केल्याने अडतो तो खरोखर दारोदार जाणारा.

विधानसभेत 1995 साली 45 अपक्ष निवडून आले होते, 2019 ला 13, आणि 2024 ला दोन. या घसरणीचं सगळं खापर मी चौदा दिवसांवर फोडणार नाही. 1995 च्या त्या 45 मध्ये पक्षांचे बंडखोर पुष्कळ होते, आणि त्यांना आधीपासूनच लोक ओळखत होते. पण बंडखोर नसलेला, घराणं नसलेला, दुकान किंवा वर्कशॉप चालवणारा माणूस आज तिथे पोचू शकतो का, हा प्रश्न मी आपल्याला विचारतो आहे. व्यवसाय कर, दुकाने व आस्थापना कायदा, राज्याचा जीएसटी कायदा, हे सगळं त्या सभागृहात मंजूर होतं. ज्याने कधी महिनाअखेरीस पगाराची जुळवाजुळव केली आहे असे थोडे तरी लोक तिथे बसलेले असावेत, एवढंच माझं म्हणणं होतं. माझ्या सहा मुद्द्यांतला पहिला मुद्दा तोच होता.

खर्चाबद्दल थोडंच लिहितो. उमेदवाराला 40 लाखांची मर्यादा आहे. पांढरी, गुलाबी आणि पिवळी पानं असलेली खर्चाची वही मी रोज लिहिली, तपासणीला वेळेवर नेली, स्वतःच्या मशीनवर छापलेली पत्रकंसुद्धा दरपत्रकाप्रमाणे खर्चात धरली. बिलबुकं छापणाऱ्याला हिशोबाचं ओझं वाटत नाही. राजकीय पक्षाच्या खर्चाला मात्र मर्यादाच नाही, आणि मान्यताप्राप्त पक्षाच्या चाळीस स्टार प्रचारकांचा प्रवास उमेदवाराच्या खात्यात येत नाही. ते बदलणं संसदेच्या हातात आहे, म्हणून इथे त्याचा आग्रह धरत नाही.

आणखी एक गोष्ट जाता जाता, कारण ती छोट्या धंदेवाल्यालाच बोचते. लोकप्रतिनिधित्व कायद्याच्याच कलम 9अ प्रमाणे राज्य सरकारशी मालपुरवठ्याचा किंवा कामाचा करार चालू असेल तर विधानसभेला उभं राहता येत नाही. हेतू योग्यच आहे. मी एका शासकीय कार्यालयाची रजिस्टरं छापत असे. ते काम मी ऑगस्टमध्येच पूर्ण करून दिलं आणि पुढचं घेतलं नाही. काम पूर्ण झालं आणि फक्त बिल थकलं असेल तर करार चालू धरत नाहीत, हे त्याच कलमाच्या स्पष्टीकरणात लिहिलेलं आहे. पण हे मला वकिलाकडे तीन खेपा घालून कळलं. मोठ्या ठेकेदाराची कंपनी असते, कायद्याच्या नजरेत कंपनी ही वेगळी व्यक्ती, त्यामुळे तिच्या भागधारकाला हा प्रश्न पडत नाही. माझ्यासारख्याच्या दुकानाचं नाव आणि त्याचं स्वतःचं नाव एकच असतं. उमेदवारांसाठीच्या पुस्तिकेत या कलमाचं सोप्या मराठीत एक पान द्यावं.

आता मुख्य मागणी. कलम 30 मधले चौदा दिवस हे कमीत कमी आहेत. मतदान त्याआधी घेऊ नये, एवढंच कायदा सांगतो. त्यापेक्षा जास्त दिवस ठेवायला कोणतीही मनाई नाही. 2024 ला आपण 4 ते 20 असे सोळा दिवस ठेवले, त्यांतले शेवटचे अठ्ठेचाळीस तास प्रचारबंदीत गेले. पुढच्या वेळी माघार आणि मतदान यांत बावीस दिवस ठेवा, म्हणजे प्रचाराला पूर्ण वीस मिळतील. यासाठी संसदेकडे जायची गरज नाही. खर्च वाढेल असं कोणी म्हणेल, पण उमेदवाराची मर्यादा 40 लाखांचीच राहणार आहे. तेच पैसे जास्त दिवसांत पुरवायचे तर हेलिकॉप्टरपेक्षा पायांवर भर द्यावा लागेल.

आणि चिन्ह लवकर द्या. मान्यता नसलेल्या नोंदणीकृत पक्षांना समान चिन्हासाठी निवडणुकीच्या आधीच अर्ज करता येतो, ती सोय आपल्याच चिन्ह आदेशात आहे. तसंच अपक्षांचं करता येईल. छाननीत अर्ज वैध ठरला की त्याच संध्याकाळी चिठ्ठ्या काढून तात्पुरतं चिन्ह द्यावं, माघारीनंतर ते कायम करावं. कोणी माघार घेतली तर त्याचं चिन्ह मोकळं होईल, दुसऱ्या कुणाचं बिघडणार नाही. यासाठी 1961 च्या निवडणूक नियमांत बदल लागत असेल तर तशी शिफारस सरकारकडे करावी. 2024 ला असं झालं असतं तर मला 30 ऑक्टोबरला चिन्ह मिळालं असतं, नरकचतुर्दशीच्या आदल्या दिवशी. अख्खी दिवाळी पुढे होती आणि त्या मावशी घरी होत्या.

विधानसभेची पुढची निवडणूक वेळेवर झाली तर 2029 च्या शेवटी येईल, म्हणजे पुन्हा सणांच्या आसपास. तारखा ठरवताना राजकीय पक्षांना बोलावता, तसं मागच्या वेळी लढलेल्या काही अपक्षांनाही बोलवावं. मला बोलावलंत तर मी रात्रीच्या गाडीने येईन. त्या चौदा दिवसांची माझी वही, कोणत्या गावात कधी गेलो आणि किती दारं बंद होती, सगळं तारीखवार लिहिलेलं आहे. ती सोबत आणीन.

कळावे,
आपला विश्वासू,
एक छापखानेवाला, विधानसभा 2024 चा अपक्ष उमेदवार