तुरुंगात फादर कशाला जातात?

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

नाताळात एका कारागृहात झालेल्या कार्यक्रमाचा फोटो आपल्या अंकात आला होता. त्यावर एका वाचकाने पत्र लिहून विचारलं की गुन्हेगारांना केक नि कॅरल कशासाठी, ज्यांची घरं त्यांनी उद्ध्वस्त केली त्यांच्या दारात हे फादर कधी जातात का, आणि दर आठवड्याला आत जाऊन ते नेमकं करतात तरी काय. प्रश्न रागाने विचारलेले असले तरी रास्त आहेत. मी वसई तालुक्यातला कॅथलिक धर्मगुरू आहे आणि हेच काम करतो, म्हणून उत्तर देणं माझं कर्तव्य समजतो. मी जातो त्या कारागृहाचं नाव इथे देत नाही. तिथले कैदी आणि कर्मचारी ओळखू येऊ नयेत, एवढंच त्यामागचं कारण.

आपल्याकडे ही नोकरी नाही, हे आधी सांगायला हवं. इंग्लंडमध्ये १९५२च्या तुरुंग कायद्यानेच प्रत्येक तुरुंगात चॅप्लेन, म्हणजे तुरुंगाचा नेमलेला धर्मगुरू, असतो. तो तिथला कर्मचारी असतो, त्याच्या कमरेला किल्ल्या असतात. इटलीतही १९७५च्या कायद्याने प्रत्येक कारागृहाला निदान एक कॅथलिक धर्मगुरू जोडलेला आहे. आमचं तसं नाही. बिशप नेमणुकीचं पत्र देतात, पोलिसांकडून पडताळणी होते, पुण्याच्या कारागृह मुख्यालयाकडे अर्ज जातो, आणि परवानगी आली तरी ती ठरावीक मुदतीची असते. अधीक्षक बदलले की पुन्हा सगळं पहिल्यापासून समजावून सांगायचं. देशभर या कामाला आज जे संघटित रूप आहे, त्याची सुरुवात १९८१ मध्ये केरळातल्या सेमिनरीत शिकणाऱ्या तरुणांनी केली. तेव्हा ते धर्मगुरूही झालेले नव्हते.

मी यात आलो तो एका वयस्कर फादरांमुळे. मोठ्या दरवाजातल्या दिंडीतून वाकून आत शिरणं त्यांच्या गुडघ्यांना झेपेना, म्हणून त्यांनी बिशपांकडे सोबतीला माणूस मागितला आणि मला पाठवण्यात आलं. सेमिनरीत तत्त्वज्ञान आणि ईशज्ञान शिकण्यात आमची वर्षानुवर्षं जातात, पण जामिनाचा आदेश कसा वाचायचा हे तिथे कोणी शिकवत नाही. ते मी त्या फादरांकडून शिकलो, आणि उरलेलं कोर्टाच्या आवारात भेटलेल्या एका वकीलबाईंकडून. हल्ली एखादा तरुण धर्मगुरू "मलाही हे काम करायचंय" म्हणत येतो तेव्हा मी त्याला संत जोसेफ कफासो यांच्याबद्दल सांगतो. एकोणिसाव्या शतकात इटलीतल्या तुरीन शहरात ते फाशीच्या कैद्यांसोबत फाशीच्या जागेपर्यंत जात. नवोदित धर्मगुरूंना शिकवायचं काम त्यांच्याकडे होतं, आणि त्या तरुणांना ते स्वतःबरोबर तुरुंगात नेत. त्यांतले एक होते जॉन बॉस्को, म्हणजेच डॉन बॉस्को. तिथे कोंडलेली कोवळी पोरं पाहून, ही आत येण्याआधीच त्यांच्यासाठी कोणीतरी काही करायला हवं होतं, हे त्यांच्या मनाने घेतलं. माटुंग्याच्या शाळेमुळे डॉन बॉस्को हे नाव मुंबईत घरोघर ठाऊक आहे. त्या सगळ्या कामामागे त्या तुरुंगभेटी आहेत.

आता आत काय करतो ते. दारावर मोबाइल, पाकीट, पट्टा जमा करायचा आणि मिस्सेचं, म्हणजे आमच्या मुख्य उपासनेचं, सामान उघडून दाखवायचं. साखळीची जपमाळ चालत नाही, म्हणून आमच्या धर्मग्रामातल्या (एका चर्चच्या हद्दीतल्या) बायका नायलॉनच्या दोऱ्याला गाठी मारून जपमाळा करून देतात. मणीसुद्धा नाहीत, नुसत्या गाठी. मिस्सेला लागणारी वाइन औषधाच्या लहान बाटलीत मावेल इतकीच असते, तरी तिला लेखी परवानगी लागते. शिपाई नवा असला की तो झाकण उघडून वास घेतो, साहेबांना विचारायला जातो, आणि तो येईपर्यंत मी उभा. तो त्याचं काम करत असतो. परवानगीचा कागद फायलीत सापडला नाही तर त्या दिवशी मिस्सा होत नाही. मग बाहेरून आणलेला ख्रिस्तप्रसाद (आधीच्या मिस्सेत अर्पण केलेली भाकर) द्यायचा, शुभवर्तमान वाचायचं, प्रार्थना करायची.

बराकीबाहेरच्या व्हरांड्यात सतरंजी घालतात. वसई-मुंबईचे ख्रिस्ती येतात, कधी गोव्याचा एखादा, आणि अमली पदार्थांच्या खटल्यांत अडकलेले आफ्रिकेतले तरुण, ज्यांच्या मुलाखतीला कोणीच येत नाही. हिंदू-मुसलमान कैदीही मागे येऊन बसतात. त्यांना कोणी बोलावत नाही आणि कोणी उठवतही नाही. आमच्या परवानगीपत्रात धर्मप्रचार करू नये अशी अट आहे. ती नसती तरी मी तसंच वागलो असतो. साबणाच्या वडीसाठीही दुसऱ्याच्या तोंडाकडे पाहणाऱ्या माणसाला धर्म बदलायला सांगणं म्हणजे त्याच्या लाचारीचा फायदा घेणं. तुरुंगात मी आजवर एकाचाही बाप्तिस्मा केलेला नाही.

तुरुंगात प्रवचन कशाला, असंही पत्रलेखकांनी विचारलं आहे. मराठी माणसाला हा प्रश्न पडू नये, असं मला मनापासून वाटतं. १९३२ साली धुळ्याच्या तुरुंगात विनोबांनी दर रविवारी गीतेवर प्रवचन दिलं आणि साने गुरुजींनी ते शब्दन् शब्द उतरवून घेतलं. ते राजकीय कैदी होते, आमचे कैदी वेगळे, हे मान्य. पण रविवार आतही येतो, आणि तो सगळ्यात लांबलेला दिवस असतो. मुलाखत नाही, कोर्टाची तारीख नाही, वकील येत नाही.

ज्यांना हवं असतं ते पापनिवेदनाला बसतात. शिपाई दिसेल इतक्या, पण त्याला ऐकू जाणार नाही इतक्या अंतरावर. तिथे ऐकलेलं धर्मगुरूने कोणालाही सांगायचं नसतं. पोलिसांना नाही, न्यायालयाला नाही, बिशपांनाही नाही. हे बंधन मोडणारा धर्मगुरू त्याच क्षणी चर्चमधून बहिष्कृत होतो. त्यामुळे त्यातलं काहीही या पत्रात येणार नाही. एवढंच सांगतो की "तू काय केलंस?" असं मी कोणाला आपणहून विचारत नाही, आणि देवाची क्षमा मिळाली म्हणून कायद्याची शिक्षा कमी होत नाही, हे प्रत्येकाला स्पष्ट सांगतो. दुसरं बंधन कारागृहाचं आहे. आतली चिठ्ठी बाहेर न्यायची नाही आणि बाहेरचा निरोप आत आणायचा नाही. एखाद्याच्या आईचा फोन नंबर लिहून घ्यायचा तर तोही अधिकाऱ्यांसमोर. हे न पाळणारा फादर स्वतःबरोबर पुढच्या सगळ्यांची वाट बंद करतो.

पीडितांचं काय, हा पत्रातला सगळ्यात मोठा प्रश्न. आमच्या धर्मग्रामात एक बाई आहेत, त्यांचा मुलगा भांडणात मारला गेला. मी तुरुंगात जातो हे कळल्यावर मिस्सेनंतर त्या माझ्यापाशी आल्या आणि म्हणाल्या, "फादर, उद्या तो समोर आला तर त्याच्याही डोक्यावर हात ठेवणार तुम्ही?" तो दुसऱ्याच कारागृहात होता, पण ते सांगणं म्हणजे प्रश्न चुकवणं झालं असतं. मी "हो" म्हणालो. त्यानंतर बरेच दिवस त्या चर्चला आल्या नाहीत. मी त्यांच्या घरी जात राहिलो. त्या चहा ठेवायच्या आणि कपाकडे बघत बसून राहायच्या. मग एकदा आपणहून म्हणाल्या की कोर्टात पुढची तारीख कोणती पडली हेच मला कोणी सांगत नाही. त्या दिवसापासून तारखेला मी त्यांच्याबरोबर जातो आणि त्यांच्याच बाकावर बसतो. "क्षमा करा" असं मी त्यांना एकदाही म्हटलेलं नाही. तो अधिकार माझा नाही. पत्रलेखकांचं म्हणणं मला इथे पूर्ण पटतं: तुरुंगात जाणाऱ्या फादराने या घरीही गेलंच पाहिजे.

केरळच्या सिस्टर राणी मारिया मध्य प्रदेशात उदयनगर भागातल्या गरीब शेतकऱ्यांसाठी काम करत. २५ फेब्रुवारी १९९५ रोजी बसप्रवासात त्यांना भोसकून मारण्यात आलं. मारेकरी समुंदर सिंग तुरुंगात असताना स्वामी सदानंद या नावाने ओळखले जाणारे कॅथलिक धर्मगुरू त्याला भेटत राहिले. पुढे राणी मारियांची सख्खी बहीण सिस्टर सेल्मी पॉल तुरुंगात गेली आणि तिने त्याला राखी बांधली. त्याच्या सुटकेसाठीही याच कुटुंबाने खटपट केली. ४ नोव्हेंबर २०१७ रोजी इंदूरला राणी मारियांना धन्य (संतपदाच्या आधीची पायरी) घोषित करण्यात आलं तेव्हा तो तिथे हजर होता. हे उदाहरण मी त्या आईला सांगितलेलं नाही. एका घराने जे स्वखुशीने दिलं ते दुसऱ्या घराकडे मागता येत नाही.

पत्रलेखकांची एक समजूत मात्र चुकीची आहे, आणि मुख्यतः त्यासाठीच हे पत्र. सतरंजीवर बसलेले सगळे गुन्हेगार आहेत असं ते धरून चालले आहेत. केंद्र सरकारच्या २०२२च्या आकडेवारीनुसार देशातल्या तुरुंगांत ५ लाख ७३ हजार माणसं होती आणि त्यांतले ४ लाख ३४ हजार कच्चे कैदी. म्हणजे चारांतल्या तिघांवर अजून गुन्हा सिद्धच झालेला नव्हता. कच्चा कैदी म्हणजे काय हे आमच्या समाजात अनेकांना कळलं ते झारखंडात आदिवासींसाठी काम करणाऱ्या आणि एल्गार परिषद प्रकरणात अटक झालेल्या फादर स्टॅन स्वामींमुळे. पार्किन्सनमुळे त्यांच्या हातात पेला ठरत नसे, तर तळोज्याच्या तुरुंगात नळीच्या पेल्यासाठी त्यांना कोर्टात अर्ज करावा लागला. ५ जुलै २०२१ रोजी, ८४ व्या वर्षी ते गेले तेव्हाही कच्चे कैदीच होते.

त्यांच्यासाठी वकील तरी उभे होते. ज्याचं कोणीच नाही अशा एका मुलाबद्दल लिहितो. झारखंडचा, मासेमारी बोटीवर खलाशी, चोरीच्या आरोपावरून आत. प्रार्थनेनंतर एकदा म्हणाला, माझा जामीन नामंजूर झाला. वकीलबाईंनी नोंद काढली तर जामीन केव्हाच मंजूर झालेला, पंधरा हजारांचा एक जामीनदार द्यायचा होता. त्याला कोणी नीट सांगितलंच नव्हतं, आणि सांगितलं असतं तरी इथे त्याला ओळखणारं कोण होतं? आदेश झाला तेव्हा पावसाळ्यामुळे बोटी किनाऱ्यावर ओढलेल्या होत्या. आम्हाला हे कळेपर्यंत त्या समुद्रात जाऊन नव्या मासळीने भरून येऊ लागल्या होत्या.

आमच्याकडचे एक केळीवाले वाडीकर जामीन राहायला तयार झाले. सातबारा, घरपट्टीची पावती, रेशनकार्ड, तहसीलदारांचा ऐपतीचा दाखला. एवढं सगळं घेऊन गेले तर पहिल्या खेपेला कोर्टात साहेब रजेवर आणि दुसऱ्या खेपेला दाखल्यावरचा शिक्का पुसट. त्यांच्या पत्नीने मला विचारलं, "फादर, पोरगा पळाला तर?" मी त्यांना खरं तेच सांगितलं. पळाला तर रक्कम तुमच्याकडून वसूल होऊ शकते. त्यांनी रात्रभर विचार केला आणि नवऱ्याला तिसऱ्यांदा पाठवलं. तो मुलगा सुटला. आज पुन्हा बोटीवर आहे आणि आतापर्यंतच्या प्रत्येक तारखेला हजर राहिला आहे.

कायदा अशा माणसांच्या बाजूने आहे. जामीन मिळून महिनाभरात बंधपत्र भरलं गेलं नाही तर न्यायालयाने स्वतःहून अटी शिथिल करण्याचा विचार करावा, असं सर्वोच्च न्यायालयाने ३१ जानेवारी २०२३ रोजी सांगितलं. नव्या नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ४७९ प्रमाणे, याआधी कोणत्याही गुन्ह्यात दोषी न ठरलेल्या कच्च्या कैद्याने कमाल शिक्षेच्या एक तृतीयांश काळ आत काढला की त्याला सोडण्याची तरतूद आहे. गंभीर गुन्ह्यांचे अपवाद आहेत. गरीब कच्च्या कैद्याच्या जामिनासाठी पैशांची मदत देणारी केंद्राची योजनाही २०२३ पासून आहे. पण याची फाईल आपोआप हलत नाही. कोणीतरी आत जाऊन त्या माणसाला नाव, गाव, केस नंबर विचारावा लागतो आणि तो कागद योग्य टेबलावर न्यावा लागतो. माझा अर्ध्याहून अधिक वेळ यातच जातो. हे धर्मगुरूचं काम नव्हे असं माझे काही सहकारी म्हणतात. मला ते मान्य नाही. ज्याच्यासाठी प्रार्थना केली तो कागदाअभावी आत राहिला हे ठाऊक असताना मला पुढच्या रविवारी त्याच्यासमोर उभं राहता येणार नाही.

कारागृह प्रशासनाला माझी विनंती आहे की सर्व धर्मांच्या सेवकांसाठी आठवड्यातली एक वेळ कायमची ठरवून द्यावी. कीर्तनकार, मौलवी, भन्ते, फादर, सगळ्यांना एकच नियम, आणि तो अधीक्षकांच्या बदलीबरोबर बदलू नये. वाचकांना विनंती अशी की ज्यांच्या नावावर थोडी जमीन, घर किंवा कायम नोकरी आहे त्यांनी आपल्या तालुका न्यायालयातल्या विधी सेवा समितीत जाऊन जामीन मंजूर होऊनही अडकलेल्यांची चौकशी करावी आणि एकासाठी उभं राहावं. जोखीम आहे, म्हणून आधी वकिलाशी बोला, कागद नीट वाचा, मुलाच्या गावी फोन करा, आणि मगच सही करा. पत्रलेखक याच भागातले असतील तर त्यांनीही एखाद्या तारखेला माझ्याबरोबर कोर्टात यावं. त्या आईच्या बाकावर जागा आहे.

– एक कॅथलिक धर्मगुरू, वसई (जि. पालघर)